घरचा शब्द

साताऱ्याच्या खोरे संपर्क कक्षात आता एकच माणूस बसतं, ते म्हणजे मी, तृप्ती उतेकर. बाकीच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्यात. पूर्वी या खोलीत इतकी माणसं असायची की डबे उघडले की कुणाकडे कसली भाजी आहे ते नुसत्या वासावर ओळखायची पैज लागायची. आता माझ्या डब्याचा वास मलाच येतो, आणि हल्ली तोही येईनासा झालाय.

काम काय, तर अलार्म बंद करायचे. कोयनेच्या बॅकवॉटरच्या आतल्या अंगाला जी गावं आहेत, तिथे मोबाईल चालत नाही आणि चालणारही नाही. एवढ्याशा माणसांसाठी कोण खर्च करतो? म्हणून तिथे अजून रेडिओ सेट आहेत. वनरक्षकांकडे आहेत, नर्सबाईंकडे आहे, आणि लाँच चालवणाऱ्याकडे आहे. या सगळ्यांचं बोलणं सड्यावरचा, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावरचा, आमचा टॉवर ऐकतो, खोऱ्याला परत ऐकवतो आणि साताऱ्याला पोचवतो.

टॉवरला बोलणं सोपं, ऐकणं अवघड. तो बोलतो तेव्हा त्याच्यामागे भरपूर ताकद असते, सगळ्या खोऱ्याला ऐकू जातं. पण छोट्या सेटवरून माणूस बोलतो ते डोंगर ओलांडून टॉवरच्या शेंड्यावरच्या अँटेनापर्यंत येईतो त्यात जीव उरलेला नसतो. तो उरलासुरला आवाज लांबलचक केबलमधून खाली आणायचा म्हटलं तर निम्मा केबलच खाते. म्हणून वरच, अँटेनाला खेटून, अ‍ॅम्प्लिफायर बसवतात. आधी आवाज मोठा करायचा, मग खाली सोडायचा. एका डब्यात दोन असतात, ए आणि बी. ए आजारी पडला की बी काम उचलतो. ए किती वीज ओढतो यावर खालून नजर असते. ठरल्यापेक्षा कमी किंवा जास्त झाली की माझ्या पडद्यावर अलार्म वाजतो.

हा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की टॉवर बहिरा होतो, पण मुका होत नाही. त्याचं सगळ्यांना ऐकू जातं, त्याला मात्र कुणाचंच ऐकू येत नाही. असं एखादं माणूस प्रत्येक घरात असतं, फक्त त्याला अलार्म बसवलेला नसतो.

सड्यावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्यामुळे रेडिओवर सारखी खरखर यायची. मागच्या निवडणुकीच्या सुमारास कंपनीने ए च्या पोटात एक शिकणारी चिप घातली. ती सतत ऐकत असते. जे रोज तेच येतं, त्याच वेळी, तेवढ्याच जोराने येतं आणि ज्यात नवीन काही नसतं, ते तिच्या लेखी गोंगाट. तेवढं ती वजा करते आणि उरलेलं खाली पाठवते. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मी थक्क झाले होते. पलीकडच्या डोंगरातला वनरक्षक शेजारी बसून बोलल्यासारखा ऐकू आला. चार टॉवरचं काम एक टॉवर करायला लागला. उरलेले तीन भंगारात गेले आणि माझ्याबरोबरची माणसं घरी गेली. बी तेवढा जुना, बिनडोक, चिप नसलेला तसाच ठेवला, कारण त्याला हात लावायचं कुणाच्या मंजुरीत बसत नव्हतं.

मग उत्तर द्यायला तरी माणूस कशाला, असा विषय निघाला. खोऱ्यातल्या लोकांना माझा आवाज सवयीचा. म्हणून मला पुण्याला नेऊन काचेच्या खोलीत बसवलं, माझ्याकडून ढीगभर वाक्यं वदवून घेतली आणि निघताना शाल-श्रीफळ दिलं. तेव्हापासून सकाळच्या हजेरीला आणि एरवीच्या साध्या हाकेलाही माझा आवाज उत्तर देतो. “ठीक आहे. नोंद झाली. सांभाळून या.” मी स्वतः फक्त अडलेल्या कामाला. कंपनीची एकच अट होती, खोऱ्यात हे बोलायचं नाही, लोकांचा विश्वास उडतो. घरी मी एवढंच सांगितलं की माझा आवाज घेतलाय. आमचे हे म्हणाले, “बरं झालं, घरात जरा शांतता मिळंल.”

आमचे हे म्हणजे निवास उतेकर, ‘भैरवनाथ’ लाँचचे चालक. सोमवारी पहाटेच्या एसटीने निवळीच्या धक्क्यावर जायचं आणि शनिवारी घरी यायचं, अशी त्यांची नोकरी. मधले सगळे दिवस आमचा संसार रेडिओवर चालायचा. त्याला आमच्याकडे रीत होती. सकाळच्या हजेरीत प्रत्येकाने आधी कामाचं सांगायचं आणि शेवटी एक वाक्य घरच्यासाठी बोलायचं. त्याला ‘घरचा शब्द’ म्हणत. कक्षातलं माणूस मग तो निरोप फोनवरून ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचं. कुणाच्या पोराचा ताप, कुणाच्या म्हशीचं वेत, सगळं सगळ्यांना माहीत असायचं, आणि तरी कुणी ऐकलं नाही असंच सगळे वागायचे. निवासचा शब्द मीच घ्यायचे. त्यांचं कामाचं वाक्य वर्षानुवर्षं बदललं नाही. “भैरवनाथ लाँच, निवास बोलतोय, पाणी शांत, सगळं ठीक.” आवाजात चढ नाही, उतार नाही. त्यानंतर घरचा शब्द, तोही बहुतेक वेळा “जेवून घे.”

यंत्र आल्यावर घरचे शब्द माझ्या पडद्यावर लिहून यायला लागले. वनरक्षकांचे यायचे, नर्सबाईंचा यायचा. निवासचा आला नाही. मी आपलं समजले, आता बोलायचं काही उरलं नसेल. पंचवीस वर्षांच्या संसारात कुणाचं उरतं?

त्या रविवारी सकाळी आम्ही चहाला बसलो होतो. निवासनी किटली उचलली आणि चहा नीट धार धरून कपाच्या शेजारी ओतला.

“अहो, लक्ष कुठंय? कप इकडं आहे.”

त्यांनी फडकं आणलं आणि पुसायला लागले. तेही भलत्याच ठिकाणी.

“महिना झाला बघतेय,” मी म्हटलं, “मिठाची गुळणी धरल्यासारखे घरात वावरताय. काय झालंय ते बोलाल का?”

“सांगितलंय की तुला.”

“कधी?”

“रेडिओवर. एकदा न्हवं, चार येळा सांगितलं. तू ठीक आहे म्हणालीस. मग परत परत काय सांगायचं?”

“कशाबद्दल म्हणताय?”

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “उलट तुझंच बरोबर आसंल.”

आता इथे कुठल्याही शहाण्या बाईने पाठपुरावा केला असता. पण मी दमले होते. काम करून माणूस दमतं ते वेगळं, आणि दिवसभर एकटं बसून नुसती बटणं दाबून दमतं ते वेगळं. हा थकवा झोपेने जात नाही. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो. पत्र्याच्या गळतीबद्दल काहीतरी असेल असं म्हणून मी ओटा पुसला. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ते गेले होते.

सोमवारी कक्षात येऊन बसले, हजेरी संपत आली होती आणि नेहमीप्रमाणे सडा टॉवरचा अलार्म आला. ‘ए : वीज जास्त.’ यावर काय करायचं ते आमच्याकडे ठरलेलं आहे. सकाळचा अलार्म म्हणजे ओल. थंडीत बॅकवॉटरवरून धुकं वर चढतं, केबलच्या जोडांत ओल शिरते, ऊन पडलं की वाळते आणि अलार्म आपोआप जातो. माझ्या आधीच्यांनी मला हेच शिकवलं आणि मी यंत्राला हेच शिकवलं. कारण ‘ओल’, बंद. बोट बटणावर गेलंच होतं. पण कालचं ते “तू ठीक आहे म्हणालीस” डोक्यातून हलत नव्हतं. हे गृहस्थ मला नेमकं काय म्हणाले होते, ते तरी ऐकावं म्हणून मी शुक्रवारच्या हजेरीची ध्वनिफीत लावली.

वनरक्षक बोलले. नर्सबाई बोलल्या. मग भैरवनाथची पाळी आली आणि काहीच आलं नाही. खरखरसुद्धा नव्हती. धुऊन ठेवलेल्या पाटीसारखी कोरी शांतता. आणि त्या शांततेला माझा आवाज मायेने म्हणाला, “ठीक आहे. नोंद झाली. सांभाळून या.” पडद्यावर हिरवी खूण, भैरवनाथ हजर.

मी गुरुवारची लावली. तेच. त्याच्या मागच्या आठवड्यातली लावली, मागच्या महिन्यातली लावली. तेच. पार चिप बसवली तेव्हाच्या फितींपर्यंत गेले तेव्हा निवास सापडले. “पाणी शांत, सगळं ठीक.” पुढच्या फितीत जरा बारीक. त्याच्या पुढच्यात आणखी बारीक. माणूस बोलत बोलत पायवाटेने लांब जात राहावा तसा तो आवाज गेला होता, आणि माझा दर वेळी तेवढाच खणखणीत.

मग मी अलार्मकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट पाहिलं. ओल शिरली तर वीज हळूहळू बिघडते आणि ऊन पडलं की हळूहळू सुधारते. ही एकदम चढत होती, दोनचार वाक्यं बोलून होतील एवढा वेळ टिकत होती आणि एकदम उतरत होती. ही ओल नव्हती. चिप जोर लावून काहीतरी वजा करत होती, आणि ते काहीतरी म्हणजे माझा नवरा.

भैरवनाथवरचा सेट जुना. त्याची फ्रिक्वेन्सी वयोमानाने थोडी सरकलेली, पवनचक्क्यांच्या खरखरीच्या अगदी लगत. वाक्य रोज तेच, वेळ तीच, जोर तोच. चिपने तिच्या शहाणपणाने त्याला गोंगाटात जमा केलं. आणि एकदा सेट गोंगाटात गेला की त्यावरून माणूस काय बोलतोय हे ती बघत नाही. हजेरी मात्र इमानदारीने लागत होती, कारण सेट चालू झाल्याचं तिला कळतं. म्हणजे निवास आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते काय म्हणतात तेवढं तिला नको होतं.

मी डोक्याला हात लावून बसले असतानाच अलार्म पुन्हा आला. गेला. पुन्हा आला. हजेरी केव्हाच संपली होती. मला कळायला क्षणभर लागला. ते बोलत होते. आत्ता, या घटकेला निवास त्या सेटवरून बोलत होते. आणि प्रत्येक वेळी स्पीकरमधून माझाच आवाज त्यांना म्हणत होता, “ठीक आहे. नोंद झाली. सांभाळून या.”

मी माईक ओढला. “निवळी आरोग्य केंद्र, सिस्टर, भैरवनाथ कुठंय?”

“सुटली की मॅडम,” नर्सबाई म्हणाल्या. “बाजाराची मानसं भरून गेली. धुकं लई हाय, हात दिसंना. मी म्हटलं थांबा, तर म्हणले इचारतो. इचारलं, तर तुमीच ठीक हाय म्हणालात. आमी सगळ्यांनी ऐकलं.”

मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. कपाशेजारी ओतलेला चहा. भलतीकडेच फिरणारं फडकं. गेल्या पंधरवड्यात पायरी चुकून दोनदा पडले होते, त्यावरही मी ओरडले होते.

“निवास, मी तृप्ती बोलतेय. इंजिन बंद करा. आहे तिथे नांगर टाका.”

अलार्म आला, गेला. आणि लगेच माझाच आवाज माझ्या पाठोपाठ, “ठीक आहे. नोंद झाली. सांभाळून या.” धुक्यात त्या माणसाला काय ऐकू गेलं असेल? एकच बायको, एकदा म्हणते थांब, एकदा म्हणते ये.

सड्यावर त्या दिवशी जमीर मुलाणी सोलर पॅनल धुवायला गेला होता. मी त्याला टॉवरच्या फोनवर गाठलं. “जमीर, खोलीत जा आणि ए बंद करून बी वर टाक. हाताने.”

“मॅडम, बी वर नुसता गोंगाट येईल. आन् कंपनीच्या हापिसात लगेच कळतंय. साहेब माझं टाळकं फोडतील.”

“साहेबांना माझं नाव सांग. लाँच धुक्यात आहे जमीर, आणि मला लाँचचं ऐकू येत नाही.”

“कोन हाय लाँचवर?”

“आमचे हे.”

फोन तसाच टाकून तो पळाल्याचं ऐकू आलं.

तोवर मला निवासना पटवायचं होतं की ही मी आहे. कसं पटवणार? मी हळू बोलले असते, मायेने बोलले असते, तर ते सगळं त्या काचेच्या खोलीत माझ्याकडून आधीच घेऊन ठेवलेलं होतं. एकच गोष्ट कंपनीने घेतली नव्हती, कारण तिथे मी मानपानाच्या भरात फार गोड बोलत बसले होते.

“अहो, कपाबाहेर चहा ओतून वर मलाच ऐकवणाऱ्या माणसा!” मी सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी किंचाळले. “लक्ष कुठंय तुमचं? उभ्या जन्मात एक गोष्ट पहिल्या हाकेला ऐकलीत? इंजिन बंद करा म्हटलं ना! लग्नातसुद्धा तुम्ही चुकीच्या मांडवात जाऊन बसला होतात. आजच्या दिवस तरी सांगितलेलं करा!”

अलार्म आला नाही. यंत्राचं उत्तरही आलं नाही. मग स्पीकरमधून एकदम गारा पडल्यासारखा आवाज सुरू झाला. जमीरने बी वर टाकलं होतं. पवनचक्क्या, विजेच्या तारा, कुठली कुठली खरखर, सगळा विसरलेला गोंगाट खोलीत घुसला आणि पडदाभर लाल अलार्म झाले. मी कान स्पीकरला लावला. त्या खरखरीच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं.

“तृप्ती? तूच का?”

“नाहीतर कोण? इंजिन?”

“बंद केलं. नांगर टाकलाय.”

“माणसं?”

“बसल्यात गप. तुझं ऐकून दोगं-तिगं हसाय लागल्यात.” मग खरखर वाढली, कमी झाली. “म्होरं काळं काय तरी हाय. खडक हाय का धुकंच हाय, मला उमजंना. ही मानसं म्हंत्यात खडक हाय.”

मी नेहमीच्या सुरात म्हटलं, “भैरवनाथ, नोंद झाली. आता घरचा शब्द.”

मी कान स्पीकरला आणखी खेटवला.

“उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई गं,” निवास म्हणाले. “महिना झाला. वरनं पडदा खाली आल्यावाणी झालंय. तोंडावर सांगाय जमंना म्हणून हितनं सांगितलं. लाँच सोडू का म्हणून इचारलं. तू ठीक आहे म्हणालीस. म्हटलं, हिला चालतंय तर चालवू.”

सगळं खोरं ऐकत होतं आणि रीतीप्रमाणे कुणीच ऐकत नव्हतं. “ठीक आहे” हे शब्द सवयीने माझ्या ओठांपर्यंत आले. ते गिळताना मला रडू फुटलं. मी म्हटलं, “परत सांगा. मला ऐकू आलं नव्हतं, अहो. पहिल्यापासून परत सांगा.”

ऊन चढल्यावर धुकं उठलं. तो खडकच होता. वनखात्याच्या बोटीने भैरवनाथला ओढत धक्क्याला आणलं आणि संध्याकाळच्या आत आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा आतला पडदा सुटलाय, पहिल्या आठवड्यात आला असतात तर पूर्ण वाचला असता. आता जेवढं वाचेल तेवढं. निवासनी मान हलवली. मी डॉक्टरांना काय सांगणार होते, यांची हजेरी रोज लागत होती म्हणून?

टॉवर अजून बी वरच आहे. साहेबांचे रोज फोन येतात. गोंगाट वाढलाय, टॉवरच्या कामाचे गुण घसरलेत, अलार्म बंद करा आणि ए चालू करा. मी म्हणते, आधी चिपमधून भैरवनाथचा सेट काढा, आणि हजेरीतून माझा आवाज काढा. ते म्हणतात, प्रस्ताव पाठवा. मला नोटीस येईल, येऊ दे. खरखरीत कान लावून बसायचं म्हणजे डोकं उठतं, पण निदान संध्याकाळी दमल्यासारखं दमायला होतं.

ऑपरेशननंतर निवासना पालथं झोपायला सांगितलं होतं. डोळ्यात वायू भरतात, तो आतल्या पडद्याला दाबून धरतो, म्हणून तोंड खाली करूनच पडायचं, मान वर करायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. ते उशीत तोंड खुपसून पडले होते.

“आले हो मी,” मी म्हटलं. “ठीक आहे ना सगळं?”

त्यांचं अंग एकदम ताठ झालं. पलंगाची कड हाताने घट्ट धरली.

“कोन?”

“मी.”

“मी म्हंजे?”

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांना मी दिसत नव्हते, आणि यंत्राचं सगळं कळल्यापासून नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायला ते तयार नव्हते. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. मी इकडेतिकडे पाहिलं. काहीतरी खोट काढायला हवी होती आणि खोट सापडत नव्हती. बिचारे सांगितल्याप्रमाणे गुमान पडले होते. शेवटी दाराशी त्यांच्या चपला दिसल्या, एक सुलटी, एक पालथी.

“या चपला अशा वाटेत टाकतात का?” मी म्हटलं. आवाज मुद्दाम चढवला. “आल्यागेल्याने अडखळून पडायचं का? जन्म गेला माझा हे सांगण्यात.”

पलंगाच्या कडेवरची पकड सुटली.

“आलीस व्हय,” ते उशीतच म्हणाले, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून जरा आत सरकले.